कापडापलीकडचा दादा

१

शाळा सकाळची असायची. शेवटची घंटा झाली की हातावरचा खडू झटकायचा, शिक्षकांच्या खोलीत डबा संपवायचा आणि बस पकडून संस्थेत जायचं, असा त्या वर्षी माझा क्रम ठरून गेला होता. घरी आईला सांगितलं होतं, "दुपारी नाटकाचं काम असतं." आई म्हणाली होती, "बरं." माझ्या नाटकांबद्दल ती एवढंच बोलायची.

संस्था म्हणजे बंद पडलेल्या एका छापखान्याचा वरचा मजला. पुढून एक रुंद जिना, मागून एक अरुंद. मागचा इतका अरुंद की चढताना खांदा भिंतीला घासायचाच आणि अंगाला चुना लागायचा, त्यामुळे सगळे पुढूनच यायचे. वर एक लांबट खोली, उंच खिडक्या, कुरकुरणारा पंखा आणि कोपऱ्यात थर्मास. त्यातला चहा कधी गरम नसायचा आणि कधी पूर्ण गारही होत नसे.

तिथे बाई होत्या. त्यांना सगळे नुसतं बाईच म्हणायचे. नव्या नाटककारांना सांभाळणं हे त्यांचं काम. म्हणजे ज्यांची नाटकं कुठल्याच निर्मात्याच्या पचनी पडत नाहीत अशांना वर्षभर ही खोली द्यायची, लिहिलेलं वाचायला नट द्यायचे आणि संहिता पुरी होईपर्यंत त्यांची पाठ सोडायची नाही. बारीक कापलेले केस, कानामागे पेन्सिल. समोर बसवून त्या म्हणायच्या, "बोल," आणि स्वतः गप्प बसायच्या. ती शांतता कुणालाच सोसायची नाही, समोरचा बोलत सुटायचा. मीही सुटले. इतकं मन लावून माझं कुणी कधी ऐकलं नव्हतं. आज हे लिहिताना जिवावर येतं, पण खरं ते खरं.

२

माझं नाटक साधं होतं, मांडणी तेवढी वेगळी. रंगमंचाच्या मधोमध वरून खालपर्यंत जाड कापड. प्रेक्षक दोन्हीकडे बसणार. एका बाजूच्यांना फक्त बहीण दिसणार, दुसऱ्या बाजूच्यांना फक्त भाऊ. ऐकू मात्र सगळ्यांना सगळं येणार. बहीण घरात आहे, भाऊ दाराबाहेर. तो आत घे म्हणतो, ती दार उघडत नाही. संपलं. शाळेतल्या गणिताच्या सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "दारच उघडत नाही? मग मध्यंतरात लोकांना तरी सोडणार का बाहेर?"

बाई हसल्या नाहीत. पहिल्याच आठवड्यात त्या म्हणाल्या, "हे तुझ्या घरातलं आहे."

मग मी त्यांना दादाचं सांगितलं. दादा कॉलेजात असताना एका दुपारी वडिलांशी भांडून घराबाहेर पडला. मी तेव्हा शाळेत जात होते. तो परत आलाच नाही. बऱ्याच महिन्यांनी लांबच्या एका गावातून पोलिसांचा निरोप आला, नदीत एक जण सापडलाय, ओळख पटवायला या. आई गेली नाही. तो आपला नव्हेच, असं तिने घरी बसूनच ठरवून टाकलं. वडील एकटे गेले, परत आले, चपला काढल्या आणि म्हणाले, "तोच होता." त्यानंतर मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. दादा गेला याला पुरावा म्हणाल तर वडिलांचे दोन शब्द. मी ते मानले. आईने मानले नाहीत. आम्ही मायलेकींनी त्यावरून कधी वादही घातला नाही. एका घरात राहून दोघी त्या गोष्टीच्या बाजूने अंग चोरून ये-जा करत राहिलो.

"आणि तो खरंच दाराशी आला होता?" बाईंनी विचारलं.

"नाही. कधीच नाही. नाटकात मी आणलाय त्याला."

"हे आणखी कुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. घरी तर मी काय लिहितेय याचा पत्ताही नाही. आईला कळलं तर तिचं जुनं सगळं उकरून निघेल."

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "माझ्यापाशी राहील," त्या म्हणाल्या.

३

वाचनासाठी खोलीच्या मधोमध खरोखरच कापड टांगलं गेलं. काळं, जाड, जमिनीपासून वीतभर वर. बाईंची एक अट होती. मी नेहमी बहिणीच्या बाजूलाच बसायचं. "भावाला बघायचं नाही, नुसतं ऐकायचं. तो दिसला की तू त्या नटासाठी लिहायला लागशील." मला ते पटलं. पटण्यासारखंच होतं.

बहिणीचं वाचायला एक हुशार मुलगी होती. बारीक पण खोलीच्या टोकापर्यंत पोचणारा तिचा आवाज, म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायचे. भावाचं वाचणारा मागच्या जिन्याने यायचा आणि त्याच जिन्याने जायचा. "नवीन आहे," बाई म्हणाल्या, "बुजरा आहे जरा."

पहिल्या दिवशी तो वाचायला लागला आणि मला बरं वाटलं. कोवळा आवाज, सर्दी नुकतीच ओसरल्यासारखा थोडा भरलेला. अभिनय करत नव्हता, बोलत होता. प्रवेशाच्या शेवटी भावाचं वाक्य होतं, "जातो मी. दार लावून घे."

तो म्हणाला, "जातो मी. दार ओढून घे."

चिमणीने पुढचं वाक्य घेतलं, वाचन चालू राहिलं. माझा चहाचा कप मात्र होता तिथेच राहिला. आमच्या जुन्या घराचं दार फुगलेलं होतं, त्यामुळे जाता जाता मला हाक मारून "ओढून घे गं" म्हणायची दादाची सवय होती. आई 'लाव' म्हणायची, वडील 'बंद कर'. मी हातातल्या कागदावर पाहिलं. 'लावून' असंच होतं. मीच टाइप केलेलं.

नट शब्द बदलतात. एखाद्याने संहितेतला शब्द जसाच्या तसा म्हटला तर तो दिवस नाटककाराने लिहून ठेवावा. असं मनाशी म्हणून मी चहा प्यायले.

४

पुढच्या आठवड्यात भावाचं लांबलचक भाषण होतं. मधेच कापडापलीकडून आवाज आला. कर्रर्र. मग थोडा वेळ काही नाही. मग ठक.

खुर्ची मागच्या दोन पायांवर झुलवून सोडून द्यायची. दादा असाच अभ्यास करायचा. तो ठक आवाज झाला की आई स्वयंपाकघरातून ओरडायची.

पुन्हा कर्रर्र झालं. मी पेन पाडलं आणि उचलायला वाकले. कापडाखालच्या वीतभर फटीतून पलीकडच्या खुर्चीचे मागचे दोन पाय दिसत होते, टेकलेले. पुढचे दोन हवेत. त्यांच्याजवळ माणसाचे पाय नव्हते. मग खुर्ची ठकदिशी खाली आली. आवाज वाचतच होता, श्वाससुद्धा न चुकता.

खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले असतील पाय, मी म्हटलं. झुलणारे ठेवतातच.

सगळे गेल्यावर मी बाईंना म्हणाले, "मला त्याला भेटायचंय."

"संहिता पुरी झाली की भेट."

"त्याला दादाबद्दल काही सांगितलंत का तुम्ही?"

बाईंनी कानामागची पेन्सिल काढून तिचं टोक पाहिलं. "तू लिहिलंयस त्यात सगळं आहे की."

"खुर्ची नाही लिहिलेली."

"नट खुर्चीवर झुलला, यात एवढं काय?" त्या म्हणाल्या. "आपण शेवटाचं बघू या. तुझं नाटक तिथे अडलंय. ती दार का उघडत नाही?"

"कारण बाहेर तिचा भाऊ नाहीये."

"मग कोण आहे?"

"माहीत नाही. म्हणूनच उघडत नाही ती."

बाईंनी पेन्सिल पुन्हा कानामागे खोचली. "दाराशी आलेल्याला कधीतरी आत घ्यावं लागतं," त्या म्हणाल्या. "नाहीतर तो दुसऱ्या कुणाला तरी हाक मारतो."

नाटकाबद्दल बोलतायत असंच मला वाटलं. बसमध्ये खिडकीशी बसून मी स्वतःची समजूत घातली. जगातली निम्मी मुलं खुर्चीवर झुलतात. आणि तो आवाज पोरसवदा होता. दादा आज असता तर त्याच्या कानशिलांवर पांढरे केस दिसायला लागले असते. म्हणजे तो दादा नाही, याचा पुरावाच होता तो. त्या पुराव्याने मला बरं वाटायला हवं होतं.

५

त्याच सुमाराला आई बदलली.

आधी माझ्या लक्षातच आलं नाही. केस नीट विंचरलेले असायचे. कपाटातली चांगली शाल बाहेर निघाली होती. संध्याकाळी काम करता करता ती गुणगुणायची. तिचे गुडघे इतके दुखायचे की जिना उतरायचा म्हटलं तरी ती कपाळाला हात लावायची. तीच आता म्हणायची, "पाय मोकळे करून आले जरा." मी खूश होते. शाळेत गणिताच्या सरांना म्हटलंसुद्धा, आईला या वयात पालवी फुटलीय.

एक दिवस शाळेला अचानक सुट्टी मिळाली. संस्थेत वाचनही नव्हतं. मी दुपारच्या आतच घरी आले. किल्लीने दार उघडून आत शिरले. आई जेवणाच्या टेबलाशी शेंगा निवडत बसली होती. समोर एक खुर्ची, रिकामी. मान वर न करता ती म्हणाली, "खुर्ची मोडशील रे."

मी दारातच थांबले. खुर्ची चारी पायांवर होती.

"कुणाला म्हणालीस, आई?"

ती दचकली. "अगो बाई, तू होय! लवकर आलीस?"

"आत्ता काहीतरी म्हणालीस ना."

"मी? छे. शेंगांशी बोलत असेन. म्हातारी झाले आता, भाजीशीही बोलायचीच."

ती हसली, मीही हसले. ती शेंगांच्या साली टाकायला उठली तेव्हा तिच्या शालीवर, उजव्या खांद्यापाशी, पांढरा पट्टा दिसला. चुन्यासारखा. मी बोटाने पुसून पाहिला. खडू असेल, माझ्या पिशवीचा लागला असेल. दिवसभर खडूत वावरणाऱ्या शिक्षिकेच्या घरात पांढरं काय कशालाही लागतं.

रात्रभर मी स्वतःला तेच सांगत होते. खडू हातावर मऊ लागतो. हे खरखरीत होतं.

६

चिमणीने काम सोडलं. बाईंनी मला सांगितलं की तिला दुसरीकडे मोठी भूमिका मिळाली. मी तिला पुढच्या जिन्यावर गाठलं. पिशवी छातीशी धरून ती घाईने उतरत होती.

"कुठलं नाटक मिळालं?" मी विचारलं.

"कुठलंच नाही, ताई."

"मग?"

तिने वर, खोलीच्या दाराकडे पाहिलं. "तुमचं लिखाण छान आहे. माझ्या जाण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही."

"तो काही बोलला का तुला? वेडंवाकडं वागला?"

"मी त्याला बघितलेलंच नाही. तो माझ्या आधी आलेला असतो, मी गेल्यावर जातो. पण ताई, तुम्ही जरा लांब बसता. मी अगदी कापडाला लागून बसते." ती एक पायरी उतरली. "हल्ली मी माझं वाक्य घ्यायला तोंड उघडते ना, तेव्हा पलीकडे तोही तेच वाक्य म्हणतो. माझंच. अगदी हळू. आधी त्याच्याच आवाजात म्हणायचा."

"आधी म्हणजे?"

"आता बायकी आवाजात म्हणतो. माझ्या नाही." तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "तुमचा आहे बहुतेक. मी नक्की सांगू शकणार नाही. माझे कान वाजत असतील."

ती गेली. मी जिन्यावर उभी राहून विचार करत होते. चिमणीला आवाजांची चांगली जाण होती आणि ती घाबरट नव्हती. पण थकलेली असेल. थकलेल्या माणसाला काय वाटेल ते ऐकू येतं. बाईंना विचारायला मी पुन्हा वर गेले. दाराशी पोचले तर आत बाई फोनवर बोलत होत्या. "उद्या तिची शाळा उशिरापर्यंत आहे," त्या म्हणत होत्या. "तुम्ही निवांत या. मागून या मात्र. गुडघे सांभाळून."

७

घरी गेले तेव्हा आई कपड्यांच्या घड्या करत होती. मी पिशवीही खाली ठेवली नाही.

"तू संस्थेत जातेस?"

तिने हातातली घडी पुरी केली, मगच वर पाहिलं. मला वाटलं होतं ती ओशाळेल. तिचा चेहरा रागाने लाल झाला होता.

"तू मला सांगितलं नाहीस," ती म्हणाली.

"काय नाही सांगितलं?"

"तो तिथे आहे हे. रोज दुपारी त्याच्याशी बोलून यायचीस, घरी येऊन पंखा लावून पडायचीस, आणि मी विचारलं काय झालं आज, तर म्हणायचीस काही विशेष नाही. काही विशेष नाही! मला कुणी सांगावं, तर त्या परक्या बाईने!"

"आई, तो नट आहे. मी लिहिलेलं वाचतो."

"असेल."

"त्याचा आवाज ऐकलास ना? किती कोवळा आहे. दादा आज केवढा असता, विचार कर जरा."

"असेल गं. नट असेल." आईने पुढचा कपडा उचलला. "मग?"

मी भिंतीला टेकून उभी राहिले. आई सांगत होती. तिचा आवाज आता खाली आला होता. बाई फोन करतात. मागचा जिना कठीण आहे, पण तिथे कठडा आहे. कापडाच्या अलीकडे बसायचं, मग तो पलीकडून बोलतो. अभ्यासाचं बोलतो, जेवणाचं बोलतो. एकदा म्हणाला, आई, तुझा हात गार आहे.

"हात?" मी म्हणाले. "तू कापडाखालून हात दिलास?"

आई घडीवरून हात फिरवत राहिली.

"बाईंना मी सगळं विश्वासाने सांगितलं होतं, आई. तुला त्रास होऊ नये म्हणून."

"मला त्रास होत नाहीये," आई म्हणाली. "तुला होतोय."

त्या रात्री पहिल्यांदाच मी माझ्या खोलीची कडी आतून लावली.

८

दुसऱ्या दिवशी तास अर्धवट टाकून मी संस्थेत गेले. संहिता परत मागायची, नाटक बंद करायचं, एवढंच ठरवलं होतं. पुढचा जिना चढतानाच वरून आईचा आवाज ऐकू आला.

दार उघडं होतं. खिडक्यांतून लख्ख ऊन आत पडलं होतं. चिमणीच्या खुर्चीवर चष्मा लावून आई बसली होती, हातात कागद. माझ्या आईने माझं एकही नाटक आजवर वाचलं नव्हतं. बाई तिच्या मागे उभ्या होत्या, हात तिच्या खांद्यावर. हाच हात त्यांनी माझ्या हातावर ठेवला होता.

"उघड ना," कापडापलीकडून आवाज आला.

"उघडते रे," आईने वाचलं. "थांब जरा. गुडघा धरलाय."

हे मी लिहिलेलं नव्हतं. माझ्या नाटकात आई नव्हतीच.

"आत कोण कोण आहे?" आवाजाने विचारलं.

"मी एकटीच."

"आणि ती?"

आईने कागदावरून नजर उचलली. मी दारात उभी होते. तिने मला पाहिलं. नीट पाहिलं. ताप आलाय का हे बघायला लहानपणी माझ्याकडे बघायची, तसं. मग पुन्हा कागदावर नजर नेऊन ती म्हणाली, "ती बाहेर गेलीय. ती आता नाही येत."

मी धावले. कापड दोन्ही हातांत धरून सगळ्या ताकदीने ओढलं. दांडीसकट ते माझ्या अंगावर आलं. धूळ, काळोख, जुन्या शाईचा वास. मी धडपडत त्यातून डोकं बाहेर काढलं तेव्हा पलीकडे फक्त एक खुर्ची होती. मागच्या दोन पायांवर तोललेली. माझ्या डोळ्यांसमोर ती सावकाश खाली आली. मागच्या जिन्याचं दार हलत होतं. वळून पाहिलं तर आईचीही खुर्ची रिकामी.

"घाई केलीस," बाई म्हणाल्या. त्या खाली वाकून विखुरलेले कागद गोळा करत होत्या.

"का केलंत हे तुम्ही?"

"तुझं नाटक तुझ्याकडून पुरं होत नव्हतं. ते पुरं करून घेणं माझं काम आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, लाज नव्हती. पानं जुळवून त्यांनी टेबलावर ठोकून सारखी केली. "चांगलं झालंय. तुला नंतर कळेल."

मी खिडकीशी गेले. खाली रस्त्यावर गर्दी नव्हती. आई रस्ता ओलांडत होती. तिचा उजवा हात कोपरात वाकलेला, बोटं मिटलेली, जशी आपण कुणाच्या तरी दंडाला धरतो तशी. मान वर करून ती कुणाशी तरी बोलत होती, हसत होती. तिच्या बाजूला ऊन होतं. मधून बस गेली. बस गेल्यावर तिथे कुणीच नव्हतं.

९

घरी पोचले तेव्हाही ऊन उतरलं नव्हतं. आमच्या मजल्यावर शेजाऱ्यांचे कपडे वाळत होते, कुणाचातरी रेडिओ चालू होता. मी किल्ली फिरवली. दार चार बोटं उघडलं आणि अडलं. आतून साखळी लावलेली. आम्ही ती कधीच लावत नसू.

"आई."

ती लगेच आली, जणू दाराशीच उभी असावी. फटीतून तिचा अर्धा चेहरा दिसला.

"हळू बोल," ती म्हणाली.

"साखळी काढ, आई."

"जेवलीस का?" तिने विचारलं. रोज विचारते तसंच. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने मला ओळखलं नसतं, तिला वेड लागलं असतं, तर मी पुढचं सगळं सोसलं असतं.

"आई, ऐक माझं. तो दादा नाही. तुलाही माहीत आहे."

"माहीत आहे गं," आई म्हणाली. "इतकी वर्षं माहीत असूनच राहिले ना मी? कुणाला बोलले का काही? आता नाही राहायचं मला तसं."

"आणि मी? मी कुठे जाऊ?"

ती किंचित बाजूला झाली, पदराने डोळे टिपायला, आणि तेवढ्या वेळात मला तिच्यामागचा बोळ दिसला. बोळाच्या टोकाशी, जिथे आम्ही छत्र्या अडकवतो, तिथे कुणीतरी भिंतीकडे तोंड करून उभं होतं. उंच. दादापेक्षा उंच. अंगावर काय होतं ते कळेना. गालाची कड आणि ओठांचा कोपरा तेवढा दिसत होता.

"आई, दार उघड," मी म्हणाले.

ते ओठ हलले. माझ्यानंतर थोडेसे, शिकताना मूल हलवतं तसे. दार. उघड.

मी गप्प झाले. तेही थांबले. आईने मागे वळून पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

"आई, असं करू नकोस गं," मी म्हणाले. हे बोलायला नको होतं, पण तोंडातून गेलं. त्या कोपऱ्यातल्या ओठांनी तेही घेतलं, सबंध, एकही शब्द न गाळता.

आईने फटीतून दोन बोटं बाहेर काढली आणि माझ्या गालाला लावली. बोटं गार होती. मग तिने दार लावून घेतलं. आपटलं नाही. आत कुणी झोपलेलं असावं इतक्या अलगद लावलं.

मी दाराला कान लावून उभी राहिले. शेजारचा रेडिओ चालूच होता. आत पावलं वाजली, आईची, गुडघ्यामुळे अडखळणारी. दुसरी नव्हतीच. मग एक आवाज आला. बारीक, थोडा थकलेला, दिवसभर वर्गात बोलून बसलेला. माझा.

"कोण होतं गं, आई?"

मी दाराच्या लाकडावर हात ठेवून वाट पाहत राहिले. माझं नाव ती घेईल, निदान रडेल, असं मला शेवटपर्यंत वाटत होतं.

"कोणी नाही," आई म्हणाली.